पाच टिकल्यांचा पिक्चर

टीव्हीवरच्या बाईनं विहिरीतून हात वर काढला तेव्हा मी टीव्हीकडे बघतच नव्हतो. मी गौतमीकडे बघत होतो. हा हात येतो तिथं चांगल्या बाप्यामाणसांनी माझ्या दुकानात खुर्च्या पाडल्या आहेत. कचेरीतला एक कारकून तर चपला सोडून पळाला होता आणि दुसऱ्या दिवशी बायकोला पाठवून त्यानं चपला मागवल्या. गौतमी चटईवर मांडी घालून बसली होती, पुढ्यात चुरमुऱ्यांची ताटली. त्यातले शेंगदाणे ती एकेक करून बाजूला काढत होती. हात आला, बाई आली, बाईचं तोंड आलं. गौतमीनं एका शेंगदाण्याचं साल काढलं आणि तो खाल्ला.

"भीती वाटली का गं?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. नाही.

दारात माझी बायको नलिनी उभी होती, हाताला पीठ लागलेलं. "अहो, पोरीला जेवू तरी द्या. सकाळपासून भुतंच चाललीयत."

"तू मध्ये बोलू नको."

"नाही बोलत. या घरात कुणी बोलायचं ते तरी ठरवा एकदा," असं म्हणून ती आत गेली.

बार्शीत तेव्हा माझी व्हिडिओ लायब्ररी होती. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. गौतमी माझी भाची, माझ्या धाकट्या बहिणीची, विजूची मुलगी. वय वर्षं नऊ. विजू संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी कुर्डुवाडीला सासरी जळून गेली. सासरचे म्हणाले, स्टोव्ह भडकला. पोलिसांना स्टोव्हची टाकी जागच्या जागी शाबूत मिळाली, म्हणून त्यांनी नवऱ्याला, रमाकांतला, उचललं. शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा गौतमी पलंगाखाली होती. तिला ओढून बाहेर काढलं, त्या दिवसापासून तिच्या तोंडून शब्द नाही. मी तिला घरी घेऊन आलो. घशाच्या डॉक्टरांनी तपासलं, घसा चांगला आहे म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, वेळ द्या.

वेळ आमच्याकडे नव्हता. रमाकांतला जामीन मिळाला नव्हता, म्हणून खटला लवकर उभा राहिला. दिवाळीची सुट्टी संपून कोर्ट उघडलं की पुढच्या सोमवारी गौतमीची साक्ष होती. सरकारी वकील इनामदार म्हणून होते, भला माणूस. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "माळवदे, खरं सांगतो. माझ्याकडे शाबूत टाकी आहे आणि ही पोरगी आहे. टाकी काही बोलत नाही."

"पोरगीही बोलत नाही साहेब."

"म्हणून तर म्हणतो. तुमच्या जबाबातही काही नाही. बहिणीनं कधी तक्रार केली नव्हती, संसार सुखाचा होता, असं तुम्हीच लिहून दिलंय. माहेरच्या माणसालाच काही माहीत नाही म्हटल्यावर जज्जसाहेबांनी काय समजायचं? पोरगी बोलली तर तो आत राहील. नाही बोलली तर सुटेल, आणि सुटला की बाप म्हणून तिला घेऊन जाईल. कायद्यानं पोर त्याचीच."

मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

आता भुताच्या पिक्चरांचं सांगतो, म्हणजे माझ्या डोक्यात ते खूळ कुठून शिरलं ते कळेल.

आमच्या समोर रुक्मिणीबाई म्हणून राहायच्या, शेवया करून विकायच्या. त्या एकदा गौतमीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "धसका बसलाय पोरीला. आमच्या नणंदेच्या मुलाचं असंच झालं होतं. बैल अंगावर आला, वाचा गेली. मग दोन वर्षांनी माळ्यावरनं साप पडला पुढ्यात, तर असा किंचाळला आणि बोलायलाच लागला. धसका मोडायला धसकाच लागतो बघा."

दुसरं कुणी असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण मी मुकुंद माळवदे होतो. घाबरवणं हा माझा धंदा होता. आता ऑक्टोबर लागला की आमच्या कॉलनीतली कॉलेजची पोरं मला गाठतात. "काका, हॅलोविन आलं, यादी द्या." मी देतो. तेव्हा हॅलोविन हा शब्द बार्शीत कुणी ऐकलेला नव्हता, पण माझी यादी सर्वपित्री अमावास्येला दुकानाबाहेर फळ्यावर लागायची आणि नरकचतुर्दशीपर्यंत राहायची. दहा पिक्चर, कॅसेटचे नंबर घालून. नावं कुणी विचारायचंच नाही. "सहाशे चार आहे का? बाहेर गेला असेल तर दोनशे नव्वद द्या." असं चालायचं. उस्मानाबादहून माणसं मोटरसायकलवर यायची.

आणि प्रत्येक कॅसेटच्या कडेवर टिकल्या. बायका कपाळाला लावतात त्या, लाल, मखमली. एक टिकली म्हणजे बायकापोरांत बसून बघा. पाच म्हणजे तुमचं तुम्ही बघा. त्या टिकल्या विजूच्या. ती लग्नाआधी दुकानात माझ्या मदतीला बसायची आणि नवीन कॅसेट आली की पहिल्यांदा आम्ही दोघं बघायचो. तिनं पाय खुर्चीवर घेतले की एक टिकली. माझी बाही धरली की दोन. डोळे मिटले की तीन. "दादा, बंद कर" म्हणाली की चार. स्वतःच्या पाकिटातली टिकली काढून स्वतःच चिकटवायची आणि वर मला म्हणायची, "माझ्या भीतीवर दुकान चालवतोस, लाज वाटते का?" पाच टिकल्या फक्त एकाच कॅसेटला होत्या. सातशे अकरा. त्या दिवशी ती अर्ध्यातून उठून पळाली, माठातलं पाणी प्यायली, आणि परत येऊन खाली बसून शेवटपर्यंत बघितला तिनं. संपल्यावर मोजून पाच टिकल्या लावल्या. पाकीट संपलं.

तर मी ठरवलं. दसऱ्यापासून दुकान दुपारी बंद ठेवायचं आणि गौतमीला पिक्चर दाखवायचे. खिडकीवर घोंगडी ठोकली, खोलीत भरदुपारी काळोख केला. एक टिकलीपासून सुरुवात केली. मला वाटलं, पोर आहे, दुसऱ्या-तिसऱ्यालाच काम होईल.

नलिनीला पहिल्या दिवसापासून हे पटलं नव्हतं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "नऊ वर्षांची पोर. आई डोळ्यांदेखत गेलेली. तिला आणि भुतं दाखवताय?"

"मग काय करू? तू सांग. सोमवार उजाडला आणि ही अशीच उभी राहिली तर?"

"तिला बोलती करायच्या आधी तुम्ही बोला की."

मी ताटावरून उठलो. तिनं भाकरी तव्यावर टाकली.

एक टिकली झाली. दोन झाल्या. दिवाळी आली, गौतमीला फ्रॉक घेतला, फुलबाज्या आणल्या. तिनं फुलबाजी हातात धरली नाही, मागे मागे सरकत भिंतीला जाऊन टेकली. नलिनीनं सगळं सामान उचलून शेजारी देऊन टाकलं. त्या वर्षी आमच्या दारात एक पणती लावली, तीही बाहेर, तिला दिसणार नाही अशी. भाऊबिजेला मी घरात थांबलो नाही, काहीतरी निमित्त काढून दिवसभर मोंढ्यात हिंडत राहिलो.

तीन टिकल्या. चार टिकल्या. चिमुकली बाहुली मान फिरवते तो, मेलेली सासू झोपाळ्यावर बसलेली असते तो, डॉक्टर आरशात दिसत नाही तो. गौतमी सगळे बघायची. कंटाळा नाही, भीती नाही. एखादं शाळेतलं पोर गणिताच्या तासाला फळ्याकडे बघतं तसं बघायची. मध्येच उठून रिमोटनं आवाज कमी करायची, कारण आवाज मोठा झाला की नलिनीचं डोकं दुखतं हे तिनं बघितलं होतं. मला राग यायचा. मग रागाची लाज वाटायची. रोज संध्याकाळी इनामदार वकिलांचा निरोप, "काही प्रगती?" आणि रोज माझा निरोप, "अजून नाही."

रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी साक्ष. जेवणं झाल्यावर नलिनी रुक्मिणीबाईंकडे गेली, म्हणाली मला हे बघवत नाही. मी कडी घातली आणि सातशे अकरा काढली. पाच टिकल्या होत्या तशा होत्या, जरा मळल्या होत्या इतकंच. मी ती कॅसेट भाड्यानं देणं जानेवारीपासून बंद केलं होतं. गिऱ्हाईक आलं की खराब झाली म्हणून सांगायचो.

पिक्चर कशाचा होता ते सांगत नाही. एक घर असतं, त्यात एक बाई असते, आणि तिच्याशिवाय घरातल्या कुणालाच ते दिसत नसतं. एवढं पुरे. मी शंभरदा बघितलेला, पण त्या दुपारी माझ्याच मानेवर घाम आला. गौतमी चटईवर तशीच. जिथून विजू उठून पळाली होती ती जागा आली. गेली. गौतमीनं पायाच्या बोटावरची मुंगी झटकली.

शेवट आला, पांढऱ्या पाट्या सुरू झाल्या आणि माझा तोल गेला. मी उठून कॅसेट बाहेर ओढली.

"अगं, कशी आहेस तू? भीती कशी वाटत नाही तुला? मोठी माणसं रात्रीची झोपत नाहीत ह्यानं. तुझी आई पळाली होती इथून उठून, तुझी आई. ओरड की जरा. रड तरी. उद्या तुला कोर्टात उभं करायचंय मला, कळतं का तुला काही?"

ती माझ्याकडे बघत होती. मग हात पुढे करून तिनं कॅसेट माझ्याकडून घेतली. कडेवरच्या टिकल्यांवरून बोट फिरवलं. शेवटची टिकली नखानं हळूच उचकटून काढली, बोटाच्या टोकावर धरली, आणि बोलली.

"पाच टिकल्यांचा पिक्चर शेवटपर्यंत बघितलास की विजू. आता नवऱ्याला काय भ्यायचं?"

आवाज घोगरा होता, दहा महिने न वापरलेला. पण चाल माझी होती. शेवटच्या शब्दावर मी जसा हेल काढतो तसाच हेल, आणि त्यानंतर मी जसा हसतो तसं नाकातून छोटंसं हसणंसुद्धा.

मी खाली बसलो.

ते वाक्य मी आदल्या वर्षीच्या भाऊबिजेला बोललो होतो. ह्याच खोलीत. विजूनं मला ओवाळलं, तबक खाली ठेवलं आणि म्हणाली, "दादा, मी परत जात नाही. गौतूला इथल्या शाळेत घालते. तिथं जीव घाबरतो माझा." आणि बांगड्या वर सरकवून तिनं मनगट दाखवलं. मी बघितलं. बघितलं नाही असं म्हणायची सोय नाही, दिवा शेजारीच होता. बाहेर दुकानात दोन गिऱ्हाइकं फळ्यावरची यादी वाचत उभी होती, सुट्टीचे दिवस, एकेक कॅसेट दिवसातून तीनदा जायची. मला वाटलं, नवराबायकोचं भांडण, निवेल. लोक काय म्हणतील असंही वाटलं, ते आता कशाला लपवू. मी तिच्या डोक्यावर टपली मारली, ते वाक्य बोललो, हसलो आणि दुकानात गेलो. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर नेऊन कुर्डुवाडीच्या छोट्या रेल्वेगाडीत मीच तिला बसवून दिलं. गौतमी तिच्या मांडीवर होती.

जानेवारीत पोलिसांनी विचारलं, बहीण कधी काही बोलली होती का? माझ्या तोंडून निघून गेलं, नाही, कधीच नाही, संसार सुखाचा होता. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न काय आला असता ते मला ठाऊक होतं. मग परत का पाठवलीत?

"आई रोज म्हणायची हे," गौतमी म्हणाली. आता तिचा आवाज जरा मोकळा होत होता. "पप्पा यायच्या वेळी. मला जवळ घ्यायची आणि म्हणायची, मामा काय म्हणाला? मग मी म्हणायचे, नवऱ्याला काय भ्यायचं. मग आम्ही हसायचो."

"गौतू."

"त्या दिवशीपण म्हणाली. मला पलंगाखाली सारलं आणि म्हणाली, मामा काय म्हणाला? मला म्हणायला वेळ नाही मिळाला. पप्पांनी रॉकेलचा कॅन ओतला तिच्यावर. स्टोव्ह बंदच होता. स्टोव्हवर दूध होतं, ते गारच होतं."

मी तिला जवळ घेतलं. ती आली, पण अंग ताठच होतं. रडत होतो तो मी. ती टिकली बोटावर सांभाळून धरून बसली होती.

डोळे पुसून मी विचारलं, "उद्या हे सांगशील कोर्टात? तिथं एक साहेब असतील. ते विचारतील."

"सगळं सांगायचं?"

"हो. सगळं."

"तू म्हणालास ते पण?"

मी खिडकीवरची घोंगडी काढायला उठलो, खिळा निघेना, त्याच्याशी खटपट करत राहिलो. मागं वळलो तेव्हा ती चटईची सुरळी करून कोपऱ्यात उभी करत होती. नलिनी आली. मी तिला काही सांगितलं नाही. गौतमीही तिच्यापाशी काही बोलली नाही. माझ्याकडे बघत जेवली आणि झोपली.

मला त्या रात्री कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, सकाळी वकिलांना सांगणारच आहे. मनात तसं होतंही. मनाशी वाक्यंसुद्धा जुळवली. साहेब, पोरगी बोलली, आणि माझा जबाब खोटा आहे. दोनच वाक्यं.

सकाळी कोर्टाच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली उभे होतो. गौतमीनं नवा फ्रॉक घातला होता, माझा हात धरला होता. रमाकांतचे भाऊ पलीकडे चहा पीत होते. आमच्या गल्लीतली चार माणसं आली होती, रुक्मिणीबाई होत्या, माझी दोन जुनी गिऱ्हाइकं होती. एकानं मला लांबून हात केला. इनामदार वकील काळा कोट चढवत लगबगीनं आले.

"काय माळवदे? काही बोलली का?"

दोन वाक्यं होती. जिभेवर होती. मी त्या माणसांकडे बघितलं, नलिनीकडे बघितलं.

"नाही," मी म्हणालो.

वकिलांनी सुस्कारा सोडला. "बघू. साहेब चांगले आहेत, चुचकारून विचारतील. नशीब आपलं."

माझ्या हातातला हात निघून गेला. झटका देऊन नाही, सावकाश. मी खाली बघितलं तर गौतमी माझ्याकडे बघत होती. आदल्या दिवशी भुतांकडे बघत होती तसंच, काहीही चेहऱ्यावर न आणता. ती चालत जाऊन नलिनीच्या शेजारी उभी राहिली.

आत जज्जसाहेबांनी तिला पुढे बोलावलं, स्टुलावर बसवलं. वयस्कर गृहस्थ होते, चष्मा काढून ठेवून बोलत होते.

"नाव काय बाळ तुझं?"

गप्प.

"शाळेत जातेस ना? कितवीत?"

गप्प. पंखा तेवढा घरघरत होता.

"बरं. खोटं बोलायचं नाही, खरं बोलायचं, हे कळतं ना तुला? खरं बोलणं म्हणजे काय, सांगशील?"

तेव्हा तिनं मान वळवली आणि मला शोधलं. मी तिसऱ्या बाकावर होतो. सगळ्या कोर्टानं तिच्या नजरेमागे माझ्याकडे बघितलं. इनामदार वकिलांनी मला खुणेनं सांगितलं, मान हलवा, धीर द्या तिला. मी मान हलवली. कशासाठी हलवली देव जाणे. ती तशीच बघत राहिली, मग तिनं तोंड फिरवलं आणि स्वतःच्या फ्रॉकच्या गुंड्या मोजत बसली. साहेबांनी आणखी तीनदा विचारलं. मग चष्मा घातला आणि लिहायला सांगितलं की साक्षीदार उत्तर देऊ शकत नाही.

पौषात निकाल लागला. संशयाचा फायदा. विजूच्या वर्षश्राद्धाला आठ दिवस होते.

इनामदार वकिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "तुम्ही जिवाचं रान केलंत हो." ते ऐकून घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ऐकून घेतलं. नलिनीला मी त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. "मला वाटलंच होतं," म्हणाली, आणि गौतमीचे कपडे पिशवीत भरायला लागली. त्यानंतर तीस वर्षं झाली, आम्ही एका घरात राहतो, ती माझं वेळच्या वेळी करते. पण त्या विषयावर बोलली नाही, आणि खरं तर इतरही फारसं नाही.

रमाकांत स्वतः न्यायला आला. जाडजूड झाला होता, दाढी गुळगुळीत. स्टेशनवर मी पिशवी घेऊन गेलो. छोटी गाडी लागलेली होती, तीच. गौतमी खिडकीशी बसली. रमाकांत पाण्याची बाटली भरायला नळावर गेला, तेवढी दोन मिनिटं मिळाली. मी खिडकीचे गज धरले.

"गौतू, काही झालं तर मला..." पुढचं वाक्य काय करावं मला कळेना. "घाबरू नकोस," मी म्हणालो.

तिनं माझ्या मागे नळाकडे नजर टाकली. रमाकांत बाटलीचं बूच लावत येत होता. मग तिनं स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. लहान मुलाला गप्प करावं तसं, मला. सांगू नकोस. मला बोलता येतं, हे त्याला सांगू नकोस.

तेवढं मात्र मी पाळलं. त्या पोरीनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली आणि ती माझ्या हातून अगदी नीट झाली.

ती नऊ वर्षं बोलली नाही. शाळेत पाटीवर उत्तरं लिहून द्यायची, बापाच्या हाताखाली दुकानात बसायची, गिऱ्हाइकाला बोटांनी भाव सांगायची. कुर्डुवाडीकडचं कुणी भेटलं की मी विचारायचो आणि तो म्हणायचा, "गुणी मुलगी हो, पण मुकी." मी दुकान बंद केलं, कॅसेटी भंगारात दिल्या. सातशे अकरा तेवढी ठेवली. चार टिकल्या आणि पाचवीच्या जागी गोंदाचा काळा डाग.

रमाकांत हृदयाच्या झटक्यानं गेला. तेराव्याला मी गेलो. नलिनी आली नाही. घर माणसांनी भरलेलं होतं, बायका आत, पुरुष ओसरीवर. गौतमी आतून आली. एकोणीस वर्षांची, हुबेहूब विजू. हातात ट्रे नव्हता, काही नव्हतं. उंबऱ्यात उभी राहिली आणि स्वच्छ, मोकळ्या आवाजात तिनं विचारलं, "चहा कुणाकुणाला ठेवू?"

तिची चुलती आतून धावत आली, तिनं पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि रडायलाच लागली. माझ्या शेजारचा म्हातारा गहिवरून माझा हात दाबत म्हणाला, "बापाच्या मरणाचा धसका बसला हो. एका धसक्यानं गेली होती वाचा, दुसऱ्यानं आली. तुम्ही मामा ना तिचे?"

"हो," मी म्हणालो.

गौतमीनं चुलतीचे हात सोडवले. एकेकापुढे जाऊन ती विचारू लागली, साखरेचा की बिनसाखरेचा. म्हाताऱ्याला विचारलं. त्याच्यानंतर मी होतो. ती क्षणभर थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या पलीकडे बसलेल्या माणसाला म्हणाली, "तुम्हाला?"